पक्षी आढळला नाही

जपान,
रविवार, ३१ ऑक्टोबर १९९९

आदरणीय म्हाळूमामा आणि रंगुबाई मामी,

भाचा सम्राट याचा समुद्रापलीकडून, पण खणखणीत जयभीम. मी इथं खुशाल आहे, आणि तुम्हीही दौंडला खुशाल असाल असं धरून चालतो. मामा, तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात उजवा दुखत होता, त्याच्या आधीच्या पत्रात डावा. (दोघं पाळी लावून रजा घेतात की काय? जन्मभर तुमच्याबरोबर रेल्वेत काढल्यावर तेवढं तर शिकणारच.) मामींनी बीपीची गोळी चुकवू नये, आणि 'आज बरं वाटतंय' म्हणून तर मुळीच चुकवू नये. वडगाव रासाईहून आईचं पत्र आलं. शेजारच्या गौतमीकडून लिहून घेतलेलं असल्यामुळं अक्षर सुरेख आहे, पण मजकूर आईचाच. 'अंगावर पांघरूण घेत जा' हे वाक्य सुरुवातीला आहे, मधे आहे आणि शेवटी सहीच्या खालीही आहे. (गौतमीनं एखादं गाळलं असतं तरी आईनं पत्र वाचून घेऊन परत घालायला लावलं असतं.)

तुम्ही मागं विचारलं होतंत की, तिकडं समदी बुद्धाचीच माणसं, मग तुला परकं का वाटावं? मामा, मी निघालो तेव्हा तुम्ही समाजमंदिरात माझा सत्कार ठेवलात, मला काळा कोट शिवून घेतलात, आणि माइक हातात घेऊन सांगितलंत की आपला सम्राट बुद्धाच्या मुलखाला चाललाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कंपनीतर्फे मशीन चालवायला शिकायला चाललोय ही गोष्ट त्या टाळ्यांत राहून गेली. तर बुद्ध इथं आहेत. जागोजागी आहेत. पण त्यांची आणि माझी पहिली भेट कशी झाली ते अजून कुणाला लिहिलेलं नाही. तुम्हाला लिहितो. वाचून झाल्यावर वॉर्डात सांगू नका.

गेल्या थंडीत, इथं नुकताच आलो होतो तेव्हाची गोष्ट. रविवार होता, करमत नव्हतं, म्हणून तुमचा कोट घातला आणि टेकडीवरच्या विहारात गेलो. बाहेर चपला-बुटांची ही रांग! म्हटलं, बघा, काय श्रद्धा आहे. आत गेलो तर सगळे काळ्या कपड्यांत. माझाही कोट काळाच, त्यामुळं मला बरं वाटलं, की आपण बरोबर कपडे करून आलोय. शेवटच्या ओळीत मांडी घालून बसलो. पुढं भन्तेजी काहीतरी लयीत म्हणत होते, अगरबत्तीचा वास येत होता. मी डोळे मिटून मनातल्या मनात त्रिशरण म्हणायला घेतलं, आणि मामा, दुसऱ्या ओळीला मला एकदम आपला वडगावचा विहार दिसला. तो खरखरणारा कर्णा दिसला, पोरं माइकला तोंड लावून 'हॅलो हॅलो' करतायत, आई मागं बायकांत बसून मी नीट म्हणतोय का ते बघतेय. मला रडू आलं. साधंसुधं नाही, हुंदके देऊन आलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं आपला रुमाल माझ्या हातात दिला आणि ती पण रडायला लागली. मग सगळे उठून एकेक करून पुढं जाऊन चिमूटभर धूप टाकायला लागले, म्हणून मीही गेलो, आणि पुढं जाऊन बघतो तर बुद्धांच्या खाली एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो, त्याला काळी फीत. ते मयत होतं मामा. मी कुणाच्या तरी मयताला येऊन सगळ्यांपेक्षा जास्त रडलो होतो.

आता निघून जाता येईना. त्या गृहस्थांची बायको माझ्यापुढं वाकली. मी वाकलो. ती परत वाकली. तिनं काहीतरी विचारलं, बहुतेक माझी आणि तिच्या मालकांची ओळख कशी, हेच. मला तेव्हा कंपनीनं शिकवलेली दोनच वाक्यं येत होती. एक 'मशीन बंद करा', आणि दुसरं 'तुमच्या कृपेनं'. मी दुसरं म्हणालो. फोटोकडं हात करून म्हणालो. ती बाई ओक्साबोक्शी रडायला लागली. जाताना घरच्यांनी मला सगळ्यांसारखीच चहाची पुडी दिली, वर चार माणसं फाटकापर्यंत पोचवायला आली. त्या घरात आजही 'तो परदेशी माणूस कोण होता' यावर बोलणं होत असेल. देवमाणूस होते बहुतेक ते. मी त्यांच्यासाठी रडलो नाही, पण रडलो ते खरं रडलो, तेव्हा त्यांच्या खात्यावर जमा व्हायला हरकत नाही. (चहाचं विचाराल तर तो हिरवा निघाला. मी आपल्या पद्धतीनं दूध, साखर, आलं घालून खळखळ उकळला. विहिरीतलं शेवाळ गरम केल्यासारखं झालं, पण आल्याचा वास खोलीभर सुटला, आणि त्या वासासाठी मी तो अख्खा कप प्यालो.)

खोलीवर येऊन हे सगळं इंद्रजीतला सांगितलं. इंद्रजीत म्हणजे कासुर्डीचा, माझ्याबरोबर कंपनीनं पाठवलेला दुसरा गडी. सणसवाडीच्या कारखान्यात आम्ही चार वर्षं एकाच लाइनवर होतो, पण जेवणाच्या सुट्टीत त्याचा डबा त्याच्या भावकीतल्या पोरांच्या घोळक्यात उघडायचा आणि माझा आपल्या पोरांच्यात. कुणी तसं सांगितलं नव्हतं. चालत आलेलं होतं. इथं आल्यावर घोळका करायला दोघंच उरलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पोटभर हसला आणि मग म्हणाला, "लेका, दुसऱ्याच्या मयतात जाऊन रडतोस म्हंजी तुझं कायतरी बिघडलंय. काय होतंय ते नीट सांग." मी खूप विचार केला. आई आठवते म्हणावं तर लाज वाटत होती. शेवटी म्हणालो, "भाकरी खावीशी वाटतीय." त्यावर तो हसला नाही. भिंतीकडं बघत म्हणाला, "व्हय. मलाबी."

इथल्या जेवणाला नावं ठेवत नाही. भात आहे, मासे आहेत. सुकटीच्या बाबतीत तर हा देश आपलाच आहे मामा. वाळवलेले बारीक मासे कुठल्याही दुकानात मिळतात, आणि लसूण-मिरचीत परतले तर वास बाहेर गेला म्हणून कुणी खिडकी लावून घेत नाही. (सणसवाडीत खोलीमालक आधी सुकट करणार का विचारायचा आणि मग खोली आहे की नाही ते सांगायचा.) पण सुकट भाताबरोबर खायची म्हणजे पाहुणा आल्यावर त्याला बसायला न सांगण्यासारखं आहे. तिला भाकरीच पाहिजे. आणि सगळ्या गावात बाजरी नाही. किराणा बघितला, मोठा बाजार बघितला, धान्याच्या दुकानात जाऊन चित्र काढून दाखवलं. दुकानदारानं मला टाचण्यांची डबी आणून दिली.

मग एक दिवस बसस्टॉपसमोरच्या दुकानाच्या काचेत मला ते दिसलं. पारदर्शक पिशवीत बारीक बारीक दाणे! मी आत घुसलो. दुकानात पिंजरे होते, मासे होते, एक ससाही होता, पण माझं लक्ष पिशवीवर. दुकानाची मालकीण सत्तरीची, अगदी हसतमुख. तिनं काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. तिनं मग हातानं लहान-मोठं करून दाखवलं. मला वाटलं, खाणारा केवढा आहे असं विचारतेय. मी आपला स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवलं, एवढा. तिचे डोळे मोठे झाले. तिनं छोटी पिशवी परत ठेवली आणि आतून गोणी आणली. मग तिनं नाव विचारलं, तेवढं मला कळलं. 'सम्राट' म्हणालो. तिनं 'सामुरातो, सामुरातो' असं दोनदा म्हणून बघितलं, खूश झाली, आणि वर एक छोटा आरसा फुकट दिला, खाली घुंगरू लावलेला. मी म्हटलं, काय प्रेमळ माणसं आहेत, गिऱ्हाइकाला दाढीचा आरसा देतात. तो खोलीत बेसिनवर टांगला.

गोणी बघून इंद्रजीतनं कपाळाला हात लावला. "आरं येड्या, ह्याच्यावर पोपटाचं चित्र हाय!" मी म्हटलं, असेल, मोदकाच्या पिठावर गणपती असतो, म्हणून ते काय गणपतीच खातो का? त्यानं दाणे हातात चोळून बघितले. बाजरी नव्हतीच. राळा होता, वरई होती, आणखी दोन-तीन जातीचं काहीतरी होतं. पण सोललेलं होतं, स्वच्छ होतं, आणि दाण्यासारखा दाणा होता. आता दळायचं कशात? इथले लोक चालू वस्तू कचऱ्यात ठेवून देतात, तशी एक मिक्सर मशीन मला कोपऱ्यावर मिळाली. वायर सुटली होती, ती जोडली. पीठ पडलं. भाकरी मात्र होईना. परातीत गोळा चांगला, थापायला घेतला की भेगा, तव्यावर टाकेपर्यंत त्याचा नकाशा. म्हणून मग मी तुमच्या कोपऱ्यावरच्या बूथवर फोन केला होता आणि मामींना बोलवायला लावलं होतं, आठवतंय ना? मामी धापा टाकत आल्या आणि पहिला प्रश्न, "जेवलास का?" मी म्हटलं, "मामी, त्यासाठीच फोन केलाय." त्यांनी परत विचारलं, "पर जेवलास का न्हाई?" असं तीन वेळा झाल्यावर, लाइन तुटायच्या आत त्यांनी जे सांगितलं त्यानं माझं भलं झालं. "पानी कढत घे. चटका बसला पायजे हाताला." एवढंच. तुम्ही मामींना सांगा, त्या एका वाक्यानं जपानात भाकरी उभी राहिली. फुगली नाही, पण राहिली.

पहिल्या दिवशी इंद्रजीतनं चिमण्यांचं खाणं म्हणून नाक मुरडलं आणि मग माझ्यातली अर्धी खाल्ली. दुसऱ्या दिवशी अख्खी. आठवड्याभरात तो 'जरा कडा करपू दे' असं सांगायला लागला. रोज कामावरून आल्यावर मी थापायचो, तो भाजायचा. लाल मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे यांचा ठेचा बाटलीच्या बुडानं कुटायचा. जेवायचो एका ताटात. मामा, मी तुम्हाला काय सांगतोय ते तुम्हाला कळतंय, म्हणून जास्त लिहीत नाही. चौदा एप्रिलला आम्ही दोघांनी बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली. तो हात जोडून माझ्या मागं उभा राहिला आणि मी त्रिशरण संपवल्यावर म्हणाला, "मला पाठ न्हाई, पर तुझ्यामागं म्हणलं मी."

त्याची मुदत सहाच महिन्यांची, ती उन्हाळ्यात संपली आणि तो गेला. विमानतळावर म्हणाला, "वडगावला जाऊन तुझ्या आईला भेटून येतो." निघताना माणूस असं बोलतोच, म्हणून मी मनावर घेतलं नव्हतं. पण नंतरच्या पत्रात आईनं गौतमीकडून लिहून घेतलंय, की कासुर्डीचा पोरगा आला होता, चुलीपाशी बसून दोन भाकरी खाल्ल्या, आणि म्हणाला, 'काकू, तुमच्या पोराची भाकरी जाड होती.' हे वाचून मी हसलो आणि मग बराच वेळ ते पत्र घडी न घालता हातात धरून बसलो.

तो गेल्यापासून मराठी बोलायला कुणी नाही. तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? पण मामा, दिवसभर माणूस तोंडानं नुसतं 'होय, होय' करत राहिला की संध्याकाळी आपलाच आवाज ओळखू येत नाही. मग मी काय करायचो, तर भाकरी थापताना बोलायचो. कधी आईशी, कधी तुमच्याशी. 'मामा, आज इंजिनाला उशीर का?' 'मामी, मीठ कमी पडलं का?' लहानपणी तुमच्या क्वार्टरात राहायचो तेव्हा गाडी गेली की फळीवरची भांडी वाजायची, आणि ती वाजली नाहीत तर मामी म्हणायच्या, आज पॅशिंजर लेट दिसतीय. इथली गाडी इतकी गुपचूप जाते की आली कधी आणि गेली कधी कळत नाही. तिच्यानं भांडी काय, साधा चमचासुद्धा हलत नाही. म्हणून मी परातीवर भाकरी जरा जोरातच थापायचो. खोलीत काहीतरी वाजायला पाहिजे.

आणि ह्याच थापण्यानं घोटाळा केला. इंद्रजीतच्या बाजूच्या रिकाम्या खोलीत एक जपानी पोरगा राहायला आला होता. त्यानं भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी आधी 'घर्रर्र' ऐकलं, मग 'फट फट फट फट', आणि मधेमधे मी कुणाशी तरी लाडीगोडीनं बोलतोय. त्यानं आमच्या वसतिगृहाचे व्यवस्थापक ओगावा यांच्याकडं तक्रार केली, की बाजूच्या खोलीत मोठ्या पक्ष्याची फडफड ऐकू येते. ओगावा साठीच्या पुढचे, कडक शिस्तीचे, बोलतानाही हातमोजे न काढणारे. वसतिगृहात जनावर पाळायचं नाही असा नियम. ते चौकशीला कुठं गेले असतील? बसस्टॉपसमोरच्या दुकानात. मालकिणीनं हसत हसत सांगितलं, हो, त्या भारतीयाकडं पक्षी आहे, दर महिन्याला गोणी लागते, उंची एवढी (छातीवर हात), नाव सामुरातो.

पुढच्या रविवारी दुपारी दारावर टकटक. ओगावा उभे. हातात मोठी जाळी! (आमचं बोलणं माझ्या मोडक्या जपानीत झालं. तुमच्यासाठी मराठीत लिहितो, तेव्हा त्यात मी जास्त हुशार वाटेन.)

"सामुरातो-सान, पक्षी कुठं आहे?"

"पक्षी नाही."

"खूप मोठा आहे म्हणतात."

"मोठा नाही, लहान नाही, पक्षीच नाही."

त्यांनी बूट काढले, आत आले, पलंगाखाली बघितलं, कपाटात बघितलं. कोपऱ्यातल्या गोणीपाशी थांबले. मग त्यांना बेसिनवरचा घुंगराचा आरसा दिसला आणि त्यांचा चेहराच पडला. तो आरसा पिंजऱ्यात लावायचा असतो, पक्ष्याला सोबत वाटावी म्हणून. मी इतके महिने त्यात बघून दाढी करत होतो.

"मग दाणे कोण खातं?"

"मी."

ते माझ्याकडं बघत राहिले. मामा, त्या बघण्यात राग नव्हता. पगार वेळेवर मिळतो का, असं विचारल्यासारखं होतं ते. मला सांगता येईना, म्हणून मी सरळ पाणी तापवलं, पीठ घेतलं आणि त्यांच्यासमोर भाकरी थापली. फट फट फट. भिंतीपलीकडं त्या पोराचा रेडिओ एकदम बंद झाला. भाकरी तव्यावर टाकली, फिरवली, कडा करपवल्या, आणि ठेचा लावून एक तुकडा ओगावांच्या पुढं केला. त्यांनी हातमोजा काढला. तुकडा तोंडात टाकला. चावला. आणि थांबले.

बाहत्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या लाल अमेरिकन ज्वारीचं, त्या मिलोचं नाव निघालं की तुमचा चेहरा कसा होतो? अगदी तसा चेहरा.

"हे मी खाल्लेलं आहे," ते म्हणाले. "लढाई संपली तेव्हा मी शाळेत होतो. तांदूळ नव्हता. आई हेच दाणे शिजवायची. मी ताट ढकलून द्यायचो."

"मग आई काय म्हणायची?"

"काही नाही. परत माझ्यापुढं सरकवायची."

मी जे मिळावं म्हणून गावभर हिंडलो, ते ह्या माणसानं पन्नास वर्षं विसरायला घालवली होती. मी ताट उचलायला गेलो तर त्यांनी ते एका बोटानं दाबून धरलं. दुसरा तुकडा घेतला. तिसरा घेतला. भाकरी संपवली, रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "चव अजून तेवढीच वाईट आहे." मग तोवर मी तव्यावर टाकलेली दुसरी भाकरी त्याच रुमालात बांधून घेतली. थोरल्या बहिणीला दाखवायची म्हणाले. वहीत त्यांनी काय नोंद केली ते मला वाचून दाखवलं: 'खोली तपासली. पक्षी आढळला नाही. भाडेकरू स्वतःच दाणे खातो. नियमभंग नाही.' जाळी मात्र विसरून गेले. ती अजून माझ्याकडं आहे, तिच्यात कांदे ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सांगायला आले. बहीण ऐंशीच्या घरातली. एक घास खाल्ला आणि भावावर ओरडली, की ह्या वयात मला हे कशाला खायला घालतोस. आणि मग उरलेली बशीखाली झाकून ठेवली, कुणाला दिली नाही. तेव्हापासून ओगावा रविवारी माझ्याकडं चक्कर मारतात. बहिणीनं दिलेली उकडलेली रताळी आणतात, मी भाकरी करतो, ते नाक मुरडतात आणि खातात. जास्त बोलणं होत नाही. मागच्या रविवारी त्यांनी एवढंच विचारलं, "घरी आई आहे?" मी म्हणालो, आहे. "मग इथं काय करतोस?" मी म्हणालो, ट्रेनिंग. त्यावर ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

बाकी विशेष म्हणजे, तुम्हाला आनंद होईल अशी बातमी आहे. आमच्या साहेबांना माझं काम पसंत पडलंय. डिसेंबरात माझी मुदत संपते, पण त्यांनी आणखी दोन वर्षं राहा असं सुचवलंय, आणि सणसवाडीच्या ऑफिसनंही मान्यता दिलीय. अशी संधी सगळ्यांना मिळत नाही असं सगळेच म्हणतात. मीही म्हणतो. इथली हवा चांगली, लोक चांगले, मशीन तर अशी आहे की तिला नुसतं बघत बसावं. तेव्हा होकार कळवावा असा विचार चाललाय. आईला तुम्ही सावकाश, तिच्या कलानं सांगाल. मला इथं काही कमी नाही, काळजी करू नये. मामींना आणि वॉर्डातल्या थोरामोठ्यांना जयभीम, लहानांना गोड पापा.

तुमचा भाचा,
सम्राट

ता. क. कुणी येणारं असलं तर मामींच्या हातच्या काळ्या मसाल्याची पुडी पाठवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, वर्तमानपत्रात बांधा, जमलं तर शिरूर-दौंडच्या पानात. मागच्या पुडीच्या कागदावर कांद्याची आवक, एका लग्नाची जाहिरात आणि हरवलेल्या म्हशीचं निवेदन होतं. म्हशीचं निवेदन अर्ध्यात फाटलंय. ती सापडली का, ते कळवा.

ता. क. (दुसरं) हे मामींना वाचून दाखवू नका, त्या लगेच बूथवर धावतील. मामा, मला राहायचं नाही. पण साहेबांपुढं 'नाही' हा शब्द तोंडातून निघत नाही. इथं कुणी नाही म्हणतच नाही, नुसतं मान वाकवून 'जरा अवघड आहे' म्हणतात. मीही तसंच म्हणून बघितलं, तर साहेबांना वाटलं मला भाषा अवघड जातेय, त्यांनी मला व्याकरणाचं पुस्तक आणून दिलं. आणि तुम्हाला तरी कोणत्या तोंडानं सांगू? तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते माझा बाप असता तर त्यानं केलं असतं. वर्षभरात गडी कंटाळून आला असं कुणी तुम्हाला चहाच्या टपरीवर म्हणालं तर मला सोसणार नाही. म्हणून तुम्हीच मला दोन ओळी लिहा. 'सम्राट, परत ये.' बस. कारण लिहू नका, कारण लिहिलं की हे लोक त्याच्यावर उपाय सुचवतात. घरातल्या थोरांचा शब्द म्हटल्यावर साहेब काही बोलणार नाहीत. खाली एखादा गोल शिक्का मारता आला तर बघा, कशाचाही चालेल. इथं शिक्क्याला फार मान आहे.

ता. क. (तिसरं) पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय. आज सोमवार. सकाळी साहेबांनी मला जिन्यात गाठलं आणि हसत विचारलं, मग काय ठरलं? मी मान वाकवली, आणि माझ्या तोंडून आपल्या बोलीत निघून गेलं, "न्हाई जमायचं, सायेब." मला ऐकू आलं तेव्हा कळलं की मी बोललोय. त्यांना एक अक्षर समजलं नाही, पण सगळं समजलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दोन पायऱ्या माझ्याबरोबर खाली आले. तर मी डिसेंबरात येतोय. आईला आजच कळवलं तरी चालेल. म्हणजे तुमच्या पत्राची आता काही गरज उरलेली नाही. तरी मामा, ते लिहाच. कंटाळलो म्हणून येतोय असं मला वाटायला नको. तिकडून कुणीतरी हाक मारली म्हणून येतोय, असं वाटू द्या.